भोगीच्या दिवशी थांबलेली बस

पेठ गावातल्या आमच्या घराला दोन दारं होती. पुढचं उघडलं की पुणे-नाशिक रस्ता आणि मागचं उघडलं की आईची बाग. पुढून दिवसभर ट्रकांचे गिअर बदलण्याचे आवाज यायचे, एसटीचे हॉर्न, नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेल्या टेम्पोंचा खडखडाट. मागून यायचा तो कोथिंबिरीचा वास, चिमण्यांची भांडणं आणि आईचं बोलणं. आई बागेत एकटी असली तरी बोलायची. मिरचीला रागवायची, दोडक्याच्या वेलाला 'चल बाबा, वर चढ, खाली काय ठेवलंय' म्हणायची. घरात ती तशी कमी बोले. तिचे शब्द बागेतच खर्च होतात असं आबा म्हणायचे.

आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. वडील भोसरीला कारखान्यात होते, रविवारी यायचे. घरात आबा, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद. मिलिंद तेव्हा दुसरीत होता. मी बारावी कशीबशी पास होऊन घरी बसले होते. इंग्रजीनं मला काठावर सोडलं होतं, पुढं काय करायचं ते ठरत नव्हतं, आणि मला कशातच गती नाही असं माझं स्वतःचं मत झालं होतं. माझ्यासाठी स्थळं बघायला हवीत, हे घरात हळू आवाजात बोललं जाई. हळू आवाजातलं बोलणं आमच्या त्या दोन खोल्यांत सगळ्यात आधी ऐकू येई.

त्या वर्षी थंडीत बाग अशी काही आली होती की मागच्या पायवाटेनं जाणारी माणसं थांबून बघायची. न्हाणीतलं पाणी आईनं चर खणून थेट वाफ्यांत घेतलं होतं, आणि वर हापशाच्या बादल्या आम्ही ओतायचो. कुंपणाला पावट्याचा वेल, त्याच्या आतून घेवडा, मग काटेरी देठाची वांगी, टोमॅटो, मेथी, चाकवत, कांद्याची पात, मुळे, आणि अगदी मधोमध गाजरांचे दोन वाफे. गाजरांवर मिलिंदचा जीव. ती जमिनीखाली किती मोठी झालीत हे कळत नाही, हे त्याला सहनच व्हायचं नाही. तो रोज शाळेतून आला की एक गाजर उपटून बघायचा आणि आईनं पाहायच्या आत परत मातीत खोचून ठेवायचा. मान टाकलेला पाला दिसला की आईला कळायचं. 'आज कुनाचा मुडदा पाडला रं?' ती मागच्या दारातून ओरडायची, आणि हा पुढच्या दारानं पळायचा.

त्याच दिवसांत माझ्या मावशीला नारायणगावच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिला मुलगा झाला. तिची मोठी मुलगी गौतमी, पाचेक वर्षांची, आमच्याकडे राहायला आली होती. आजोळी आजी नव्हती, त्यामुळे मावशीचं बाळंतपण आणि बारसंही आमच्याकडेच व्हायचं होतं. बारशाला माणसं येणार, आणि जेवण बागेतल्या भाजीवरच निघणार, हे आईनं मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून महिनाभर ती आम्हाला साधी शेंग तोडू देत नव्हती. भोगीच्या दिवशी सकाळी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन ती नारायणगावच्या एसटीत बसली, आणि एसटी सुटायच्या आधी खिडकीतून मला म्हणाली, "सुजा, भोगीपुरतं काढ. चौघांपुरतं. बाकीच्याला हात लावायचा न्हाई. आणि ह्या दोघांला एकट्यानं बागंत सोडू नगं."

आता आम्ही बौद्ध, मग भोगी कशी, असं मला पुढं शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी विचारलंही. आबांनी तरुणपणी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव आणि सण सगळे सोडले. पण भोगीची भाजी त्यांना सोडवेना. "सण सोडला, भाजी न्हाई सोडली," ते म्हणायचे. "वांग्याला काय ठाऊक आपण कुनाच्या घरात शिजतोय." त्यामुळे पूजाबिजा काही नाही, पण त्या दिवशी वाफ्यात जे जे असेल ते एका पातेल्यात, वर तिळाचं कूट, आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी. अख्ख्या वस्तीत तसंच होतं. सकाळपासून तिळाचा खमंग वास घराघरांतून सुटायचा.

एसटी गेली आणि मी दोघांना घेऊन बागेत उतरले. तो आनंद कसा सांगू! महिनाभर 'हात लावू नको' ऐकलेली पोरं, आणि आज हात लावायची परवानगी. गौतमीनं फ्रॉकची ओटी केली आणि पावट्याच्या शेंगा खुडायला लागली. कोवळी शेंग, जून शेंग, तिला सगळ्या सारख्याच. मी तिला शिकवलं, शेंग दाबून बघायची, आत दाणा हाताला लागला की ती आपली, नाही लागला की वेलाची. मग ती प्रत्येक शेंगेला विचारत सुटली, "तू माझी का वेलाची?" मिलिंदला गाजरं दिली. मी बादलीभर पाणी वाफ्यात सोडलं, माती मऊ होऊ दिली, आणि त्याला सांगितलं की पाल्याला वरून ओढलंस तर पाला हातात येईल, बोटं मातीत घालून गाजराचा खांदा धर. त्यानं दोन्ही पाय रोवले, खांदा धरला, आणि 'हुप्प' करून ओढलं. गाजर सुटलं आणि हा मागच्या मागे मेथीत बसला. हातातलं गाजर तांबडंलाल, मातीनं माखलेलं आणि त्याला खाली दोन पाय फुटलेले. पायावर पाय टाकून बसलेल्या माणसासारखं. ते बघून आम्ही तिघं इतकं हसलो, की खाटेवर ऊन खात बसलेले आबा "काय झालं रं? मला बी दाखवा" म्हणून काठी टेकत कुंपणापाशी आले.

त्याच वेळी पुढच्या बाजूला मोठ्ठा फटकन आवाज झाला. मग एसटीच्या इंजिनाची धापा टाकल्यासारखी घरघर, आणि शांतता. लगेच पोरांचा कालवा. एकदोघांचा नाही, बसभर पोरांचा.

मी पुढच्या दारात आले तर आमच्या घरासमोरच रस्त्याच्या कडेला लाल बस उभी, बॉनेटमधून वाफ निघतेय, आणि दारातून तिसरी-चौथीची पोरं सांडताहेत. संगमनेरच्या वरच्या पठारावरची शाळा, पुण्याची बाग आणि वाघ बघायला निघालेली सहल. इंजिनाच्या पंख्याचा पट्टा तुटला होता. ड्रायव्हर हात पुसत म्हणाला, "आता पट्टा आणायचा म्हंजे नारायणगावचा डेपो," आणि समोरून आलेली जीप थांबवून तो तिच्या मागच्या फळीवर लटकून निघूनसुद्धा गेला. मागे राहिले कंडक्टर, एक वयस्क सर, एक तरुण बाई, आणि ती पोरं. पोरांना आधी हापसा दिसला. दोघं दांड्याला लोंबकळले आणि बाकीचे तोंडं लावून उभे. ज्यांना पाणी मिळालं ते घराला वळसा घालून मागे गेले आणि कुंपणाशी थबकले.

कुंपणाच्या आत गौतमी हातात गाजराची जुडी घेऊन उभी होती, राणीसारखी.

"ए, एक देती का?" बाहेरून एका पोरानं विचारलं.

"न्हाई," गौतमी म्हणाली. "हे चौघांपुरतं हाय."

"आमच्याकडं टँकर येतो," तो पोरगा म्हणाला. "गाजरं न्हाई येत."

हे त्यानं रडगाणं म्हणून नव्हतं सांगितलं, नुसती माहिती दिली होती. पण मिलिंद माझ्या तोंडाकडे बघायला लागला. कुंपणाच्या त्या बाजूला एकेक करत सगळी सहल जमा होत होती. काट्यांतून नुसते डोळे दिसत होते. मी बाईंना विचारलं, "पोरं जेवलीत का?"

बाई हसल्या. माझ्याहून जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. "डबे तर बस सुटल्या-सुटल्याच फस्त केले त्यांनी. जेवण पुण्यात सांगून ठेवलंय. आता कधी पोचतोय देव जाणे."

मी बागेकडे बघितलं. आईची सूचना कानात होती, आणि बारसंही डोळ्यांसमोर होतं. पण मला त्या क्षणी जे वाटलं ते भीतीसारखं नव्हतंच. महिनाभर राखलेली बाग आणि बसभर भुकेली पोरं, दोन्ही एकाच वेळी समोर उभी. मी आबांकडे वळले. "आबा, काढू का समदं?"

आबांनी एकेका वाफ्यावरून नजर फिरवली. मग म्हणाले, "आई वरडंल."

"वरडू दे."

"मग काढ. पर थांब. आधी मला बोलू दे."

ते काठी टेकत टेकत सरांपर्यंत गेले. सर बसच्या सावलीत रुमालानं मान पुसत उभे होते. आबांचं सदऱ्याचं वरचं बटण नेहमी उघडं असे, ते त्यांनी चालता चालता लावलेलं मला दिसलं. "मास्तर," ते म्हणाले, "पोरांला आमी जेवू घालतो. पर एक सांगायचं व्हतं. आमी बौद्ध. पोरांच्या घरच्यांला चालत नसंल तर आत्ताच बोला. भाजी शिजल्यावर नगं."

सर जरा गडबडले. मग घाईनं म्हणाले, "अहो आजोबा, आता कोण बघतंय हे! काहीतरीच तुमचं."

"बरं," आबा म्हणाले. "मग काढ गं सुजा."

मी कुंपणाचं फाटक उघडलं.

ते पुढचे दोन तास माझ्या आयुष्यात जसेच्या तसे आहेत. आज पन्नाशी ओलांडली, गुडघे खाली बसू देत नाहीत, कालची गोष्ट आठवायला वेळ लागतो, पण त्या बागेतलं कोणतं पोर कुठल्या वाफ्यात उभं होतं ते मी आजही सांगू शकते. आधी सगळी एकदम आत घुसली, आणि मिलिंद जिवाच्या आकांतानं ओरडला, "मेथीत न्हाई! मेथीत न्हाई!" तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. "जो जिथं आहे तिथंच एका पायावर उभा राहील!" सगळी सहल एका पायावर. काही डुगडुगताहेत, काही हसताहेत, पण सगळी गप्प. मी स्वतःच चकित झाले. मग मी त्यांना वाफ्याप्रमाणं वाटून टाकलं. उंच पोरं कुंपणावरच्या शेंगांना. ज्यांनी घरी कांदे काढले होते ती गाजरं-मुळ्यांना, कारण त्यांना मातीतून काढायची समज होती. चिमटीत धरायची ताकद असलेल्या मुली वांग्यांना, देठाचे काटे दाखवून. अगदी बारकी टोमॅटोला, तेही फक्त लाल. आणि प्रत्येक वाफ्यावर मुकादम म्हणून गौतमी आणि मिलिंद.

मिलिंदनं तर कमाल केली. चौथीतल्या थोराड पोरांना हा दुसरीतला पोरगा 'खांदा धर, खांदा! पाला नगं' म्हणून शिकवत होता, आणि ती ऐकत होती. गाजर सुटलं की आरोळी उठायची. सगळ्यात लांब कुणाचं यावरून मोजामोजी सुरू झाली. एकानं स्वतःच्या हाताला लावून बघितलं, दुसऱ्यानं पायाला, तिसरा म्हणाला माझं अजून निघतच नाहीये म्हणजे ते सगळ्यात मोठं असणार. चौघं मिळून ते ओढायला लागली आणि निघाला तो एक दगड आणि त्याच्या बाजूनं वाढलेलं वाकडं गाजर. तरी तेच जिंकलं असं ठरलं. पावट्याच्या कुंपणाशी गौतमीनं आपलं शास्त्र लावून दिलं होतं, आणि दहा-बारा पोरं एकसुरात शेंगांना विचारत होती, "तू माझी का वेलाची? तू माझी का वेलाची?" एका मुलीला मुळ्याच्या पाल्यावर अळी दिसली आणि तिनं ती तळहातावर घेऊन सगळ्यांना तिचं दर्शन घडवलं. एक बारका पोरगा, ज्यानं लाल टोमॅटो काढायचे होते, तो हळूच प्रत्येक दुसरा टोमॅटो तोंडात टाकत होता. त्याच्या सदऱ्याचा पुढचा भाग बघून बाईंनी कपाळाला हात लावला. आईनं बियाणासाठी राखलेलं, सुतळी बांधलेलं पिवळं वांगं एका मुलीनं मोठ्या अभिमानानं माझ्यापुढं धरलं. मी एक क्षण बघितलं आणि 'शाब्बास' म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बाई पदर खोचून आधीच पोरांत मिसळल्या होत्या. सरसुद्धा वाफ्याच्या कडेला आले होते. एका पोराच्या बोटात वांग्याचा काटा गेला, तो सरांनी चष्मा सरकवून, फुंकर घालत, इतक्या हळुवार हातानं काढला की पोरगं रडायचं विसरलं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं जे झालं त्यावरून त्यांच्याबद्दल कुणी वाईट मत करून घेऊ नये.

मधल्या वेळात मिलिंदला मी वस्तीत पाठवलं होतं. तो घरोघर ओरडत गेला, "भाकरी टाका! लई भाकरी टाका! बस आलीया!" कसली बस, कुणाची बस, कुणी विचारलं नाही. बाजरीचं पीठ त्या दिवशी प्रत्येक घरात होतंच. घराघरांतून भाकऱ्या थापल्याचा आवाज यायला लागला. विहारातलं मोठं पातेलं दोघा जणांनी आणून आमच्या अंगणात तीन दगडांवर ठेवलं. पोरं हापशावर गाजरं धूत होती, भाजीहून जास्त स्वतः भिजत होती. शेजारच्या काकू वांगी चिरायला बसल्या. फोडणीत लसूण-मिरची पडली, वर पावटा, घेवडा, वांगी, गाजर, मुळा, टोमॅटो, मूठमूठ शेंगदाणे, आणि मग मी तिळाचं कूट दोन्ही हातांनी सोडलं. चौघांच्या भाजीचं मीठ मला कळत होतं, बसभर पोरांच्या भाजीचं कुठून कळणार! मी आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "अंदाजानं टाक. जास्त झालं तर गाजर गोड हाय, संभाळून घेईल."

पोरं अंगणात ओळीनं बसली. ताटं नव्हतीच. भाकरी हेच ताट, तिच्यावर भाजीचा डाव. वाफाळत्या भाजीला पोरांनी फुंकरा मारल्या, आणि मग असं जेवण झालं की मध्येच हायवे बंद पडला की काय असं वाटावं इतकी शांतता. आपण काढलेलं ओळखायची शर्यतच लागली. "हे माझं वांगं." "हा माझा पावटा, मी वेलाला विचारून घेतला."

मी भाकरी घेऊन सरांकडे गेले. ते ओट्याच्या टोकाशी उभे होते. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "मला नको बाळ. माझा उपास आहे आज."

मी तशीच उभी राहिले. आबा खाटेवरून बघत होते. त्यांनी मान दुसरीकडे, रस्त्याकडे वळवली, आणि सदऱ्याचं ते वरचं बटण सोडलं.

आणि मग ओळीतून एक आवाज आला, अगदी निरागस. "सर, भोगीला कसला उपास?" दुसरा म्हणाला, "जो न खाई भोगी, तो सदा रोगी!" तिसऱ्यानं चाल लावली. पाढे म्हणणाऱ्या पोरांना आयतं एक चरण मिळालं. बसभर पोरं भाकरी हातात नाचवत एका सुरात ओरडायला लागली, "जो न खाई भोगी, तो सदा रोगी! जो न खाई भोगी, तो सदा रोगी!" त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. गौतमी आणि मिलिंद सगळ्यांत जोरात. बाईंनी खाली मान घालून मोठा घास घेतला. सरांचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं आता ते ओरडतील. पण बोटात काटा गेलेला तो पोरगा उठला, त्यानं आपली भाकरी मधोमध तोडली, भाजी असलेला अर्धा भाग सरांच्या हातात नेऊन ठेवला आणि म्हणाला, "सर, खा. न्हाईतर तुमी आजारी पडाल. मग शाळा?"

सर त्या अर्ध्या भाकरीकडे बघत राहिले. पोरांचा गोंगाट विरला. मग ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि, आमच्याकडे न बघता, खायला लागले. सावकाश, शेवटपर्यंत. मी त्यांची पाठमोरी आकृती बघत होते. त्यांच्या खांद्यांत आधी जो ताठपणा होता तो हळूहळू उतरत गेलेला मला दिसला, की मला तसं हवं होतं म्हणून दिसला, हे मी आज छातीठोक सांगू शकत नाही.

ड्रायव्हर पट्टा घेऊन परत आला तेव्हा पोरं हापशावर हात धूत होती. बस दुरुस्त होईपर्यंत बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "काय शिकतेस?" म्हणाल्या. मी सांगितलं, काही नाही, बारावी झाली, कशातच गती नाही. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू काय केलंस आत्ता ठाऊक आहे का? ही पोरं माझ्याकडे दोन वर्षं झाली, अजून एका पायावर उभी राहत नाहीत. डीएड कर. ऐकतेस का? लग्नाआधी डीएड कर." तोपर्यंत कुणी मला काही कर म्हणून इतक्या खात्रीनं सांगितलं नव्हतं. मी पुढं जुन्नरला राहून डीएड केलं, आणि आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेच्या डोंगरातल्या शाळांत आयुष्य गेलं. ज्या ज्या शाळेत गेले तिथं आधी हापसा कुठं आहे ते बघितलं आणि मग वाफे पाडले. त्या बाईंचं नाव मी विचारलंच नव्हतं. तेवढी चुटपुट आहे.

बस निघाली. खिडक्यांतून हात, हातांत गाजरं. सर सगळ्यांत शेवटी चढले. चढता चढता थांबले आणि आबांना म्हणाले, "येतो." आबा म्हणाले, "जय भीम, मास्तर." सरांनी हात जोडले. "नमस्कार," म्हणाले, आणि आत गेले. वाघ बघायला त्यांना उशीर होणार होता, पण पोरांना त्याची काही पडलेली दिसत नव्हती. बस वळणापाशी जाईपर्यंत 'तो सदा रोगी' ऐकू येत होतं.

आणि मग मी मागचं दार उघडलं. बागेत काही नव्हतं. उपटलेल्या मातीचे ढीग, तुडवलेली मेथी, कुंपणाला उघडा वेल, आणि सगळीकडे छोट्या छोट्या पायांचे ठसे. गौतमी म्हणाली, "ताई, मावशी मारंल का?" मिलिंद म्हणाला, "मी सांगतो, वाऱ्यानं गेली." आबा म्हणाले, "काय बी खोटं सांगायचं न्हाई. मी हाय."

ऊन कलताना आई एसटीतून उतरली. मी पिशवी घ्यायला पुढं झाले. ती सवयीनं सरळ घरातून मागच्या दारात गेली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. मिलिंदनं श्वास न घेता सगळं सांगून टाकलं, बस, पट्टा, टँकर, एक पाय, वाकडं गाजर, उपास. आई ऐकत वाफ्यांतून चालत गेली. बियाणाच्या वांग्याचं झाड तिनं उचलून सरळ केलं. गाजराच्या वाफ्यात वाकून एका पावलाचा ठसा हातानं मोजला. मग आबांना विचारलं, "खाल्लं समद्यांनी?"

"समद्यांनी," आबा म्हणाले. "मास्तरनं अर्धी भाकरी."

"अर्धी का?"

"लेकरानं अर्धी दिली म्हणून. दिली तेवढी खाल्ली."

"आणि बारसं?" मी घाबरत विचारलं.

"बारशाला बटाट्याचा रस्सा करू. बाळाला काय दात आलेत व्हय?" ती ओट्यावर येऊन बसली, पाय पसरले. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. "वाढ मला."

मी पातेल्यापाशी गेले. पातेलं रिकामं होतं. मी ते तसंच उचलून तिच्यापुढं आणून ठेवलं. टोपलीच्या कोपऱ्यात एक भाकरीचा तुकडा होता, तो तिनं घेतला. पातेल्याच्या कडेला चिकटलेला मसाला त्या तुकड्यानं गोल, नीट पुसून घेतला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. आबासुद्धा.

"मीठ कमी पडलंय," आई म्हणाली, आणि हसायला लागली.